आहे, असावं, म्हणतात

गावाचं नाव सांगत नाही, जिंतूर तालुक्यातलं आहे एवढंच पुरे. देवळासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला माणसं आणि पुढे लेकरं. इतिहासावर चारचौघांत बोलायची माझी ती पहिलीच वेळ. जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवलेलं, त्यामुळे आवाजाची भीती नव्हती. उभी राहिले आणि पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं, की हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं नाही. यादवांच्या काळातलं आहे, फार तर साडेसातशे-आठशे वर्षांचं.

सभा गप्प झाली. मग एक म्हातारे बाबा काठी टेकत उठले. म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमचं खरं बी असंल. पण आमचा देव पाच हजारावरून आठशेवर आणला, आन् त्याच्या बदल्यात आमाला काय दिलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची अर्धी घटका काय बोलले ते आज आठवत नाही. परतताना स्कूटरवर आमचे हे म्हणाले, "तू बरोबरच सांगितलंस." त्यानं तर मला आणखी वाईट वाटलं. बरोबर सांगूनही एका गावाला मी रिकाम्या हातानं घरी पाठवलं होतं.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, या नऊही तालुक्यांत बोलून झालं. हल्ली शिकलेली पोरं-पोरी विचारतात, आपल्या भागाच्या इतिहासावर बोलायचं तर काय करायचं, कुठला कोर्स असतो का. कोर्स मला माहीत नाही. त्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे शिकले, तेवढं सांगू शकते.

सुरुवात खरं तर त्याच्याही आधीची. चौथीच्या वर्गात शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवत होते. मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "बाई, महाराज रायगडावर होते तवा आपल्या गावात कोण होतं?" पंचवीस पोरं माझ्याकडे बघत होती आणि मला सांगता येईना. रायगडाच्या पायऱ्या मला माहीत होत्या, माझ्या पायाखालच्या मातीचं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या उजाडायला आठ महिने लागले.

पहिल्यांदा हाती आलं ते १९६७ साली निघालेलं परभणी जिल्ह्याचं गॅझेटिअर. जाडजूड पुस्तक. हिंगोली जिल्हा आपल्यातून १ मे १९९९ ला वेगळा झाला, त्यामुळे त्या पुस्तकात औंढा नागनाथ आहे, वसमत आहे, नामदेवांचं नरसी आहे. त्यातून आणि इतर पुस्तकांतून हळूहळू कळत गेलं, की अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यात पाथरी ही एक 'सरकार' म्हणून नोंदलेली आहे, सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा भाग. महाराजांच्या काळात हा मुलूख मोगलांकडे होता. १६७९ च्या अखेरीस महाराजांनी मोगलांचं जालना लुटलं, ते आमच्या शेजारचं. १७२४ नंतर निजाम आला आणि १९४८ पर्यंत राहिला. एवढं सगळं मी त्या पोराला सांगितलं तेव्हा तो पाचवीत गेला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आपण कोणाकडून होतो?" त्याचा हा प्रश्न मी अजून प्रत्येक व्याख्यानात बरोबर नेते.

पुस्तकांनी मला गावाच्या वेशीपर्यंत आणलं. वेशीच्या आत जायला माणसं लागली. आमच्याकडचे जुने कागद उर्दूत किंवा मोडीत, कारण निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू. मला दोन्ही येत नव्हत्या. गावात एक निवृत्त तलाठी होते, नव्वदीच्या घरातले, उर्दूतून शिकलेले. त्यांच्या ओट्यावर बसून मी मुंतखब म्हणजे काय ते शिकले, इनामाची नोंद कशी वाचायची ते शिकले. फसली सनाचा, म्हणजे निजामी कागदांतल्या वर्षांचा, हिशेबही त्यांनीच दिला: फसली आकड्यात ५९० मिळवायचे, जानेवारी लागला की ५९१. हे कळल्यावर घरोघरच्या जुन्या कागदांवरचे १३४०, १३५० असे आकडे एकाएकी बोलायला लागले. हैदराबाद संस्थान संपलं ते १३५७ फसलीत. हे आकडे मी सभेत फळ्यावर लिहिते तेव्हा दोन-चार म्हातारी माणसं सरसावून बसतात. त्यांच्या बापाच्या जन्माची नोंद त्या सनात असते.

आणि बायका. याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इतिहास लिहिणाऱ्यांनी आमच्या बायकांना फारसं विचारलेलं नाही. शेतांची नावं बायकांना पाठ असतात: गढीखालचं, बारवेजवळचं, देवाच्या धोंड्याचं. 'देवाच्या धोंड्याचं' म्हटलं की मी थांबते. कुठला धोंडा? बहुतेक वेळा तो वीरगळ निघतो. गाईगुरं वाचवताना किंवा लढाईत मेलेल्या माणसाचा दगड. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवपिंडीची पूजा करतोय, आणि सगळ्यांत वर चंद्र-सूर्य: ते असेपर्यंत याची कीर्ती राहील. चंद्र-सूर्याजवळ नुसता कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असला तर तो सतीचा दगड. शेंदराचे थर बसून आमच्याकडे कित्येक वीरगळांचे म्हसोबा झाले आहेत. मी शेंदूर खरवडायला सांगत नाही. ज्या बाया दर अमावास्येला तिथे नारळ फोडतात, त्यांना एवढंच सांगते, की तुम्ही ज्याला पुजता तो तुमच्यासारखाच कुणाचा तरी मुलगा होता, गावासाठी मेला. एका गावात हे ऐकून एक म्हातारी त्या दगडाजवळ गेली आणि पोराच्या तोंडावरून फिरवावा तसा तिनं त्यावरून हात फिरवला. त्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे पहिल्यांदा सापडलं. गोष्ट काढून घ्यायची असेल तर तिच्या जागी हाताला लागेल असं काहीतरी ठेवावं लागतं.

वर्षभरानं मी त्या पहिल्या गावात स्वतःहून गेले. या वेळी भाषण नव्हतं. संध्याकाळी बॅटरी घेऊन सगळ्यांना देवळात नेलं. दगडावर दगड चुन्याशिवाय कसा बसवलाय, एकाच्या खाचेत दुसरा कसा अडकवलाय, ते सांध्यावर बोट ठेवून दाखवलं. याला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान. पण ही पद्धत त्याच्याही आधीची आहे, नाव तेवढं त्याचं चिकटलं. गाभाऱ्याच्या दाराच्या माथ्यावर मधोमध एक छोटी मूर्ती असते, तिला ललाटबिंब म्हणतात; मूळचा देव कोणता याची खूण बऱ्याचदा तिथे मिळते. मग मी विचारलं, एवढा एक दगड खाणीतून आणायला किती बैल लागले असतील? घडायला किती दिवस? गडी खायचे काय? लोक आपसांत हिशेब करू लागले. पाथरवटाचं काम केलेला एक जण पुढे आला आणि छिन्नीचे घाव वाचून दाखवू लागला. तेच बाबा म्हणाले, "म्हंजी हे माणसानं केलं." त्यांच्या आवाजात मला अभिमान ऐकू आला. पांडवांनी एका रात्रीत केलं म्हणताना गावाचा त्यात काही वाटा नव्हता. माणसांनी वर्षानुवर्षं राबून केलं म्हटल्यावर तो आला.

पण पांडवांची गोष्ट मी टाकूनही देत नाही. ती गावानं पिढ्यान्‌पिढ्या जपलीय, तिलाही मान आहे. फक्त तिचं क्रियापद वेगळं. मराठीनं आपल्याला तीन क्रियापदं दिली आहेत आणि प्रादेशिक इतिहासावर बोलणाऱ्याचं इमान त्यांवर टिकतं, असं माझं ठाम मत आहे. समोर दगड आहे, लेख आहे, कागद आहे, तर 'आहे'. शैलीवरून, आजूबाजूच्या खुणांवरून अंदाज बांधला, तर 'असावं'. गाव सांगतं, पण पुरावा नाही, तर 'म्हणतात'. मी हे सभेच्या सुरुवातीलाच सांगते आणि लेकरांना कामाला लावते: बाईंनी 'असावं'च्या जागी 'आहे' म्हटलं की हात वर करायचा. ते खरंच हात वर करतात. दोनदा पकडली गेलेय.

आमच्या जिल्ह्यात 'आहे' म्हणण्यासारखं कमी नाही. चारठाण्याची देवळं आणि तिथला कोरीव स्तंभ आहे, जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत, गोदाकाठी धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर आहे, ज्याच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी पाहायला मी शाळेच्या सहली नेल्या. आणि बारवा. बारव म्हटली की आमच्याकडे अहिल्यादेवींचं नाव घेतात. त्यांनी देशभर घाट, विहिरी, देवळं बांधली, दुरुस्त केली, हे खरंच. पण कित्येक बारवा त्यांच्याही चार-पाचशे वर्षं आधीच्या असाव्यात. जुन्या शिल्पग्रंथांत उतरायच्या वाटांवरून बारवेची नावं आहेत: एक वाट असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन जया, चार विजया. हे सांगितलं की पोरं आपल्या गावच्या बारवेच्या वाटा मोजायला पळतात. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव तर गोल फिरत खाली उतरते. ती गाळानं आणि कचऱ्यानं भरलेली होती, गावकऱ्यांनी उपसली, आणि आता लांबून लोक पाहायला येतात. गाळ उपसणाऱ्या हातांपुढे कुठलंही व्याख्यान फिकं आहे.

व्याख्यान ही गोष्ट आमच्याकडे तशी उशिरा आली. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू केली. निजामाच्या राज्यात मात्र 'गश्ती निशान ५३' नावाचं फर्मान होतं: परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायची नाही. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ साली परतूरला भरलं, तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यातच होतं, आणि अध्यक्ष होते परभणीचे गोविंदराव नानल. चारचौघांत उभं राहून मराठीत बोलणं हेच त्या काळी धाडस होतं. माईक हातात घेताना मला ही गोष्ट आठवते आणि वेळ वाया घालवायची लाज वाटते.

त्या काळात बोलायची जागा लोकांनी राखली ती कीर्तनात. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. आमच्या बायका दळताना त्यांचं नाव घ्यायच्या, माझी आजीही घ्यायची. सभा कशी बांधायची हे मी कीर्तनातूनच शिकले. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात विचार मांडतात आणि उत्तररंगात त्यावर आख्यान लावतात. मी उलटं करते. आधी गावातली एखादी वस्तू, दगड, कागद, नाणं, आणि विचार नंतर. हातात काही नसताना 'आपली गौरवशाली परंपरा' म्हणून सुरू करणारी भाषणं मला ऐकवत नाहीत. परंपरा गौरवशाली आहे की नाही ते ऐकणाऱ्याला ठरवू द्यावं.

आणि कुरुंदकर. नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, नांदापूरचा. तेव्हा ते गाव परभणी जिल्ह्यात होतं, आता हिंगोलीत. इंटरच्या परीक्षेत हा माणूस एकदा नव्हे, अनेकदा नापास झाला. आधी नांदेडला शाळेत शिकवलं, मग पीपल्स कॉलेजात, आणि शेवटी तिथेच प्राचार्य झाले. 'जागर', 'शिवरात्र' ही पुस्तकं त्यांची. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून छापलेलं त्यांचं पत्र वाचा: महाराजांवर जीवापाड प्रेम आणि तरीही प्रत्येक दंतकथेला पुराव्याचा प्रश्न. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांना मृत्यू आला. वय पन्नासच्या आत. मी तेव्हा डी.एड.ला होते आणि त्यांना एकदाही ऐकलेलं नव्हतं, ही हळहळ अजून आहे. माझ्या वडिलांनी ऐकलं होतं. ते म्हणायचे, "कुरुंदकर आपल्याला न आवडणारं सांगायचे, आणि आपण घरी येऊन विचार करत बसायचो." माणसं त्यांना ऐकायला गर्दी का करत असतील, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, श्रोत्याला ते लहान समजत नसत. गावच्या माणसाला झेपणार नाही म्हणून सत्य पातळ करायचं, यासारखा त्याचा दुसरा अपमान नाही. माझी पहिल्या सभेतली चूक सत्य सांगण्याची नव्हतीच. ते मी पुराव्याशिवाय फेकलं होतं, ही होती.

सगळ्यांत कसोटीचा दिवस १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन झालं की शाळेत, ग्रामपंचायतीत भाषण. रझाकारांनी केलेले अत्याचार सांगायचेच, स्वामी रामानंद तीर्थांचा लढा सांगायचा, सरहद्दीवरच्या कॅम्पांतली पोरं सांगायची, १३ सप्टेंबरला आलेली फौज आणि पाचव्या दिवशी निजामाची शरणागती सांगायची. बरीच वर्षं मी तिथेच थांबायचे. मग सुंदरलाल समितीच्या अहवालाबद्दल वाचलं. फौजी कारवाईनंतरच्या दिवसांत संस्थानातल्या मुसलमानांवर जे गुदरलं, ते त्यात नोंदलंय, आणि सर्वांत होरपळलेल्या चार जिल्ह्यांत शेजारचं नांदेड आहे. आता मी दोन्ही सांगते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पोटात गोळा होता. सभा संपल्यावर मागे बसलेले एक मुस्लिम आजोबा आले. त्यांच्या आईला आणि तिच्या कडेवरच्या लेकराला गावातल्या एका हिंदू घरानं तीन रात्री कडब्याच्या गंजीत लपवलं होतं. ते लेकरू म्हणजे हे आजोबा. त्या घरातला नातू सभेतच होता, त्याला हे माहीत नव्हतं. दोघं बराच वेळ शाळेच्या पायरीवर बसले होते. अशा गोष्टीला माझी तीन क्रियापदं पुरत नाहीत. तिथे मी 'सांगितलं' म्हणते, आणि कुणी, कुणाकडून ऐकून, तेही सांगते.

पाथरीला गेलं की साईबाबांचा जन्म इथलाच का, हा प्रश्न येतोच. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासनिधीवरून शिर्डी बंद राहिली होती, तेव्हापासून जास्तच. मी म्हणते, पाथरीत जन्म झाला असं म्हणतात. आणि लगेच पाथरीला तिचं 'आहे' देते. इथेच, तेव्हाच्या पार्थपुरात, गोदावरीच्या उत्तरेला, ज्ञानराजानं १५०३ साली 'सिद्धान्तसुंदर' हा खगोलशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास. त्यानं भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर टीका लिहिली, आणि एक असं संस्कृत काव्य रचलं की ओळ सरळ वाचली तर रामाची कथा आणि उलटी वाचली तर कृष्णाची. हे समजावताना मी फळ्यावर 'चिमा काय कामाची' लिहिते आणि पोरांना उलटं वाचायला लावते. ते दोन्हीकडून तेच येतं. सूर्यदासाचं दोन्हीकडून वेगळं, आणि दोन्हीकडून अर्थाचं. वर्गात, सभेत, कुठेही हे सांगितलं की क्षणभर कुणी बोलत नाही. गेल्या वर्षी तिथल्या सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, त्यांचं घर कुठं होतं?" माहीत नाही, म्हटलं. ती म्हणाली, "मी हुडकते."

व्यवहाराचं थोडक्यात सांगते. मानधन कुणी देतं, कुणी नारळ-शाल देतं, कुणी एसटीचं तिकीटही देत नाही. पोट त्यावर भरत नाही, माझं पगारावर आणि आता पेन्शनवर भरलं. एक तास ठरलेला असतो आणि पाहुण्यांची भाषणं लांबली की दहा मिनिटं हातात येतात. त्या दहा मिनिटांत एकच वस्तू सांगायची, चार नाही. आदल्या दिवशी गावात जाऊन फिरायचं, तेही बायकांबरोबर. आणि चूक झाली तर पुढच्या वेळी त्याच गावात, त्याच माईकवरून दुरुस्त करायची.

माझ्या माहेरच्या गावात नदीकडच्या वाटेवर एक लेख कोरलेला दगड आहे. लहानपणी आम्ही त्यावर बसून बोरं खायचो. दिवसा त्यावर काही दिसत नाही. दिवाळीत मी अंधार पडल्यावर गेले, बॅटरी दगडाला टेकवून आडवा उजेड टाकला, म्हणजे खोलगट रेघांत सावली भरते आणि अक्षरं उठतात. दोन तास बसले. 'स्वस्ति श्री' एवढंच लागलं. बाकी सगळं झिजलेलं. काही तर आमच्याच बसण्यानं झिजलेलं असावं.

पुढच्या महिन्यात तिथे सप्ताह आहे आणि भावानं माझं बोलणं ठरवून टाकलंय. वहिनी फोनवर म्हणाल्या, "ताई, दोन शब्दांवर तासभर काय बोलणार?" मी त्यांना म्हटलं, मंडपात नको, सगळ्यांना रात्री नदीच्या वाटेनं घेऊन या, बॅटऱ्या आणायला सांगा.